२९० चं बिल ३९० कसं झालं: आईबाबांच्या केबलचं अख्खं प्रकरण

११ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. नवरात्र संपत आलेलं आणि संध्याकाळी सव्वासातला आईचा फोन. आधी इकडचं तिकडचं, दसऱ्याला नक्की येतेस ना वगैरे, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "अगं ऐक ना, माझ्या हातून टीव्हीचं काहीतरी बिघडलंय, सोमवारपासून सह्याद्री लागतच नाहीये, तुझ्या बाबांनी चार दिवस सातच्या बातम्या बघितल्या नाहीयेत." चार दिवस तिनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनापण नाही, कारण सोमवारी तिनी फडक्यानी रिमोट पुसला होता आणि तिला वाटत होतं की तेव्हाच आपल्याकडून काहीतरी दाबलं गेलं.

मी हे एवढं सविस्तर लिहितीये ते त्या चार दिवसांमुळे. पैशाचा भाग पुढे येतोच पण नुसत्या शंभर रुपयांसाठी मी दिवाळीच्या सुट्टीला जोडून एक रजा टाकून केबलच्या ऑफिसात बसले नसते. कंपनीनी सोमवारी सकाळी त्यांच्याकडे काहीतरी फिरवलं आणि साताऱ्यात एक ६९ वर्षांची बाई चार दिवस स्वतःला दोष देत बसली, हे मला सहन झालं नाही.

घर कसंय ते आधी सांगते. आईबाबा साताऱ्यात शाहूपुरीत, मी नोकरीमुळे पुण्यात. बाबा ७४, एसटीत ट्रॅफिक कंट्रोलर होते. घरात वायफाय नाही, बाबांच्या मोबाइलवर नेट आहे तेवढंच, ते व्हॉट्सॲप बघतात बाकी काही नाही. टीव्ही म्हणजे केबल, आणि केबल म्हणजे जो दादा आमच्या गल्लीत मी कॉलेजला असल्यापासून वायर टाकतोय तोच. तो आईला काकू म्हणतो, आई त्याला चहा देते, महिन्याच्या १७ तारखेला येऊन पैसे नेतो. आणि टीव्हीच्या शेजारी भिंतीवर जुन्या कॅलेंडरचा एक पुठ्ठा चिकटवलेला आहे त्यावर बाबांच्या अक्षरात १४ चॅनलचे नंबर. एसटीत गाड्यांचे नंबर आणि वेळा लिहायची सवय, तसंच हे, ठळक, निळ्या पेननी, खाली रेघ मारून. बाबांना डावीकडच्या डोळ्यानी कमी दिसतं, स्क्रीनवरची ती चॅनलची लिस्ट त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे नंबर पाठ आणि चुकला तर पुठ्ठा, असा त्यांचा टीव्ही.

७ ऑक्टोबरला तो पुठ्ठा निकामी झाला. सगळे नंबर बदलले. मराठीचे चॅनल जिथे होते तिथे आता दुसऱ्या कुठल्यातरी भाषेचे सिनेमे, बातम्या कुठल्या कुठे गेल्या. हे एक. दुसरं म्हणजे आई दुपारी जे दोन चॅनल बघते त्यातल्या एकावर आवाज यायचा आणि चित्र काळं, आणि दुसरा पूर्ण गायब, "सबस्क्राइब करा" अशी पाटी. आणि त्याच दिवसापासून बॉक्स चालू केला की आधी एक जाहिरातींचाच चॅनल उघडायचा, मोठ्या आवाजात, तो बदलेपर्यंत दोघं दचकायची. (याला धंद्यात लँडिंग चॅनल म्हणतात, बॉक्स चालू केल्याकेल्या काय दिसावं ही जागा विकली जाते.)

मी १२ ला, दसऱ्याला गेले. नवीन नंबर शोधून शोधून कागदावर लिहून दिले, सह्याद्री सापडलं, बाबा खूश. मला वाटलं विषय संपला. मग १७ ला दादा आला आणि म्हणाला काकू आता तीनशेनव्वद. गेल्या महिन्यापर्यंत २९० होते. आणि वर तो काळा दिसणारा चॅनल हवा असेल तर बॉक्स बदलावा लागेल त्याचे हजार रुपये. आईनी ३९० दिले, कारण दारात उभ्या माणसाशी घासाघीस तिला जमत नाही आणि विधानसभेच्या निवडणुका दोनच दिवसांपूर्वी जाहीर झाल्या होत्या, बाबांना २३ नोव्हेंबरचा निकाल टीव्हीवर सकाळपासून बघायचा होता, केबल तुटली तर काय करायचं ही भीती.

आता हे २९० कुठून आले होते ते समजून घेतल्याशिवाय ३९० समजत नाहीत, त्यामुळे जरा मागे जाते.

२०१६ पर्यंत आमच्याकडे नुसती वायर होती, टीव्हीला थेट. सरकारनी केबल डिजिटल करायचं ठरवलं ते टप्प्याटप्प्यानी झालं, मुंबई आधी, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, मग २०१३ मध्ये पुणे नाशिक नागपूर अशी शहरं, आणि साताऱ्यासारख्या गावांचा नंबर त्यानंतर. आमच्याकडे बॉक्स २०१६ ला आला, १२०० रुपये दादाला रोख दिले, पावती नाही. ही पावती नसणं पुढे नडलं. तेव्हा महिन्याला २२० रुपयात सगळे चॅनल दिसायचे, कुणी निवडलेले नव्हते, जे यायचं ते यायचं.

मग १ फेब्रुवारी २०१९. ट्राय म्हणजे जे टेलिकॉम आणि ब्रॉडकास्टिंग दोन्हीचे नियम ठरवतात त्यांची नवीन व्यवस्था लागू झाली, की ग्राहकानी जे चॅनल बघायचेत तेवढ्याचेच पैसे द्यायचे. १०० एसडी (साध्या, एचडी नसलेल्या) चॅनलपर्यंत नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे कनेक्शनचं मूळ भाडं, सगळे एनसीएफ म्हणतात ती, जास्तीत जास्त १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, त्यात दूरदर्शनचे चॅनल आलेच पाहिजेत, आणि त्यावर प्रत्येक पे चॅनलची छापील किंमत. पॅकमध्ये, म्हणजे एकत्र विकायच्या चॅनलच्या गठ्ठ्यात, घालायच्या चॅनलची किंमत १९ च्या वर ठेवता येणार नाही असं ठरलं आणि लगेच बरेचसे मोठे चॅनल बरोब्बर १९ वर जाऊन बसले, झी मराठीसुद्धा १९. कल्पना मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते, की माझ्या आईनी चार मराठी चॅनल बघायचे असतील तर तिनी क्रिकेटचे आणि इंग्रजी सिनेमांचे पैसे का द्यावेत.

पण निवडायचं कसं हे कुणी घरोघरी जाऊन सांगितलं नाही. लोकांनी फॉर्म भरले नाहीत म्हणून १२ फेब्रुवारीला ट्रायनी मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली आणि केबलवाल्यांना सांगितलं की ज्यांनी निवडलं नाही त्यांना "बेस्ट फिट प्लॅन" द्या, म्हणजे घरात जी भाषा बोलतात, जे चॅनल चालतात ते बघून तुम्हीच एक पॅक बसवा. त्या वेळच्या गोंधळात हे करणं भागच होतं हे मला मान्य आहे, नाहीतर लाखो घरात टीव्ही बंद पडला असता. फक्त तिथून एक सवय लागली, की ग्राहकाच्या वतीनी पॅक कंपनीनी निवडायचा. आमच्या घरीही तेच झालं. आईनी कुठल्याही फॉर्मवर टिक केलेली नाही, २०१९ ला नाही आणि नंतरही नाही.

त्यानंतर नियम बदलतच राहिले. २०२० च्या १ जानेवारीला दुरुस्ती आली, १३० रुपयातच २०० चॅनल आणि दूरदर्शनचे वेगळे, दुसऱ्या टीव्हीला एनसीएफ ४० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि पॅकमध्ये घालायच्या चॅनलची मर्यादा १९ वरून १२. त्याविरुद्ध चॅनलवाले मुंबई हायकोर्टात गेले, ३० जून २०२१ ला कोर्टानी बराचसा भाग कायम ठेवला पण चॅनलवाल्यांनी दिलेल्या नव्या किमती प्रत्यक्षात येईनात, आणि शेवटी नोव्हेंबर २०२२ ला मर्यादा परत १९ झाली. फेब्रुवारी २०२३ पासून नवीन दर. केबल कंपन्यांनी ते दर मान्य करून करारावर सह्या केल्या नाहीत म्हणून १८ फेब्रुवारीला मोठ्या चॅनल कंपन्यांनी त्यांचे सिग्नलच कापले. महाशिवरात्र होती त्या दिवशी. साबुदाण्याची खिचडी खाऊन बाबा दिल्लीची टेस्ट लावायला बसले तर चॅनल नाही, दुसऱ्या दिवशी जडेजाच्या त्या डावात सात विकेट झाल्या त्या त्यांना मोबाइलवर आकडे बघून कळल्या. आठवड्याच्या आत सिग्नल परत आले. तेव्हापण आई दादाला विचारत होती, आमचं बिल भरायचं राहिलंय का रे?

आणि ८ जुलै २०२४ ला एनसीएफवरची मर्यादाच काढली. १३० चं छत गेलं. आता कंपनीनी स्वतः ठरवायचं, फक्त जाहीर करायचं.

तर आमचे २९० असे होते: एनसीएफ १३०, पॅकचे ११२, बेरीज २४२, त्यावर जीएसटी ४३.५६, एकूण २८५.५६, दादा २९० घ्यायचा. नवीन ३९० असे: एनसीएफ १५०, पॅक १८०, बेरीज ३३०, जीएसटी ५९.४०, एकूण ३८९.४०. हे आकडे मला सहज मिळालेले नाहीत. १८ तारखेपासून ४ नोव्हेंबरपर्यंत फोन केले तेव्हा मिळाले, दादाकडे नुसती "३९०" एवढीच चिठ्ठी होती. एनसीएफ २० रुपयांनी वाढवायचा त्यांना हक्क आहे, ते मी सोडून दिलं. माझा प्रश्न पॅकचा होता. ११२ चा पॅक १८० चा कसा झाला आणि कुणाला विचारून, कारण नियमात स्पष्ट आहे की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कुठलाही चॅनल किंवा पॅक त्याच्या माथी मारता येत नाही. त्या १८० च्या पॅकमध्ये लहान मुलांचे चॅनल होते, तीन स्पोर्ट्सचे होते, आणि आई जो चॅनल दुपारी बघते तोच नव्हता.

१८ ला कस्टमर केअरला पहिला फोन. तिथल्या मुलीनी नंबर विचारला, मी बाबांचा मोबाइल सांगितला, ती म्हणाली हा नंबर आमच्याकडे रजिस्टर नाही. मग बॉक्सच्या खालचा व्हीसी नंबर, म्हणजे बॉक्सची ओळख पटवणारा नंबर. तो बघायला बाबांना बॅटरी घेऊन वाकायला लागलं, मी फोनवर, ते एकेक आकडा वाचतायत, तीनदा चुकला. शेवटी अकाउंट सापडलं, तक्रार नोंदवून घेतली. मी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मागितला तर म्हणाली मेसेज येईल. आला नाही. २२ ला परत फोन, ती म्हणे तुमची तक्रार क्लोज झालीये. कुणी बंद केली, काय उत्तर देऊन? "सर मेसेज गेलाय तुम्हाला." (मला तीनदा सर म्हणाली, बिचारी कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात बसून कागद वाचत होती, तिच्यावर माझा राग नाही.) मेसेज कुठे जातायत हे कोडं तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो, दोन आठवडे वाचले असते.

मधे ट्रायकडे तक्रार करायची का ते बघितलं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, ते नियम करतात आणि कंपनीनी तक्रारी बघायला नोडल ऑफिसर नेमायचा असतो. २०२० मध्ये त्यांनी चॅनल निवडायला एक ॲप काढलं होतं, त्यात आमची कंपनी सापडली नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावला, तिथे मात्र नीट ऐकून घेतलं, तक्रार नंबर दिला आणि सांगितलं की आधी कंपनीच्या नोडल ऑफिसरला लेखी पाठवा, प्रत ठेवा. तसं केलं, २६ तारखेला, ईमेलनी, मोजून तीन प्रश्न: पॅक बदलायला संमती कुणी दिली त्याचा पुरावा, आधीच्या आणि आताच्या बिलाची फोड, आणि अर्जाच्या फॉर्मची कॉपी. पोच आली पण उत्तर आलं नाही.

दिवाळीला गेले तेव्हा दादाशी बसून बोलले. या माणसाचं म्हणणं मी लिहिलं नाही तर हे प्रकरण एकांगी होईल. तो म्हणाला, "ताई, मला पण सोमवारी सकाळीच कळलं, मोबाइलवर तीसचाळीस फोन, सगळ्यांचे नंबर बदललेले." कंपनीनी त्यांची कंट्रोल रूम दुसऱ्या मोठ्या कंट्रोल रूमला जोडली, तिकडचीच लिस्ट इकडे लागू झाली, आणि काही चॅनल नवीन फॉरमॅटमध्ये गेले जे २०१६ चा बॉक्स वाचू शकत नाही म्हणून आवाज येतो आणि चित्र नाही. जुने पॅक बंद, त्यांच्या जागी नवीन चार पॅक, आणि जुन्या मराठी पॅकवाल्या सगळ्यांना सिस्टिमनीच नवीन पॅकवर ढकललं.

पैशाचं त्याचं गणित वेगळंच आहे. कंपनी आणि लोकल ऑपरेटरमध्ये वेगळा करार नसेल तर एनसीएफ ५५ टक्के कंपनीचा आणि ४५ टक्के ऑपरेटरचा. १५० तले साडेसदुसष्ट त्याचे. त्यातून पोरगा ठेवायचा, पावसाळ्यात यवतेश्वरच्या बाजूनी वारा सुटला की तुटलेल्या वायरी जोडायच्या, ॲम्प्लिफायर जळला तर तो घ्यायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला कंपनीच्या पोर्टलवर आधी पैसे भरून ठेवायला लागतात, त्यातून तो घराघराचं रिचार्ज करतो आणि मग दारोदार फिरून गोळा करतो. कुणी दहा दिवस उशिरा दिले तर ते त्याच्या खिशातून. गेल्या काही वर्षात निम्मी गिऱ्हाईकं फायबरला गेली, काहींनी छपरावर फ्री डिशची छत्री लावली, राहिले ते आईबाबांसारखे. "पॅक वाढला तर शिव्या मला, सिग्नल गेला तर शिव्या मला, आणि मी विचारलं तर कंट्रोल रूमचा साहेब म्हणतो पटत नसेल तर बॉक्स परत आणून दे." हे तो रडवेला होऊन म्हणाला. मी त्याला कॉलेजपासून ओळखते, तो खोटं बोलत नव्हता.

४ नोव्हेंबर, सोमवार, मी आणि बाबा त्या कंट्रोल रूमला गेलो. एका इमारतीचा दुसरा मजला, खाली दुकानं, जिन्यात जुन्या बॉक्सांची पोती. लिफ्ट नाही, बाबा एकेक पायरी थांबत आले आणि मला वाटतं त्यांना असं वर येताना बघूनच तिथल्या माणसानी आम्हाला बसायला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटर उघडला. मी म्हटलं मला फक्त पॅक बदललेला दिवस आणि त्याचं कारण दाखवा. त्यानी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तारीख ७ ऑक्टोबर. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: ग्राहकाच्या विनंतीवरून.

बाबा चष्मा वर करून स्क्रीनच्या जवळ गेले आणि ते दोन शब्द त्यांनी मोठ्यानी वाचले. मग म्हणाले, "मी केली विनंती?" एवढंच. ३४ वर्षं ज्यांनी प्रत्येक गाडीची नोंद स्वतःच्या हातानी केली, कुठली गाडी का उशिरा सुटली त्याचं खरं कारण लिहिलं, त्यांच्या नावावर कुणीतरी न घडलेली गोष्ट लिहून ठेवली होती. माझ्यासाठी या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोठा अन्याय तो रकाना आहे.

मी विचारलं विनंती आली कुठून, फोन केला का, ओटीपी घेतला का. तो म्हणाला मॅडम १५ सप्टेंबरला मेसेज गेलाय, पॅक बदलतोय, नको असेल तर कळवा, उत्तर आलं नाही म्हणजे हो. कुठल्या नंबरला? त्यानी नंबर वाचून दाखवला.

तो दादाचा नंबर होता.

२०१६ ला बॉक्स बसवताना फॉर्म दादानीच भरला, आईकडे तेव्हा मोबाइल नव्हता, बाबांचा नंबर बदलत होता, म्हणून त्यानी स्वतःचा टाकला. एकट्या आमचा नाही, ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता किंवा ज्यांनी द्यायला कंटाळा केला त्या सगळ्यांच्या पुढे त्याचाच नंबर. म्हणजे सप्टेंबरच्या त्या एका दिवशी त्याच्या फोनवर एकसारखे मेसेज येऊन पडले, त्यानी कंपनीची जाहिरात समजून पुसून टाकले. माझ्या तक्रारीचा डॉकेट नंबर त्याच्याकडे गेला. "तक्रार सोडवली" हा मेसेजपण त्याच्याकडेच. कागदावर बघाल तर कंपनीनी आधी कळवलं होतं, मुदत दिली होती, तक्रार घेतली होती आणि बंद केली होती, आणि यातलं एक अक्षर आमच्या घरापर्यंत पोचलं नव्हतं.

यात दादाची चूक आहे का? आहे, नंबर बदलून घ्यायला हवा होता. पण तो आठ वर्षं जुना आळस आहे आणि त्यात लबाडी नव्हती. कंपनीला मात्र दिसत होतं ना, की एकाच मोबाइल नंबरावर इतकी घरं आहेत, ते तर त्यांच्याच सिस्टिममध्ये आहे. ते त्यांना सोयीचं होतं. आणि मेसेजला उत्तर न देणं म्हणजे होकार हे मला कुठल्याच भाषेत पटत नाही, संमती म्हणजे माणसानी हो म्हटलं पाहिजे. हे मी तिथे बसून दोनदा सांगितलं, आवाज चढवला नाही, बाबा शेजारी होते.

मग तिथेच कागदावर लिहून दिलं: रजिस्टर नंबर बदलून बाबांचा करा, १८० चा पॅक काढा, आणि आम्ही सांगतो ते चॅनल सुटे द्या. सुटे म्हणजे ज्याला अलाकार्ट म्हणतात ते. तो माणूस म्हणाला सुटे महाग पडतात मॅडम, पॅकच घ्या. सगळ्यांना हेच सांगतात आणि बऱ्याचदा खरंही असतं, पॅकमध्ये सूट असते म्हणून दहाबारा चॅनल हवे असतील तर पॅक स्वस्त. पण आईबाबांचे पे चॅनल मोजले तर सहाच निघाले, बाकी पुठ्ठ्यावरचे आठ फुकटचे होते, बातम्यांचे आणि दूरदर्शनचे, ते एनसीएफमध्येच येतात. सहा चॅनलचे ८८ रुपये. १५० अधिक ८८ म्हणजे २३८, जीएसटी ४२.८४, एकूण २८०.८४. एनसीएफ वाढूनसुद्धा आधीपेक्षा कमी. पाच वर्षं आम्ही बाकीच्या चॅनलचे पैसे भरत होतो ज्यांची नावंपण आईला माहीत नाहीत.

६ नोव्हेंबरला बदल झाला, बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला, पहिल्यांदाच. त्यांनी तो मला फॉरवर्ड केला, मग फोन करून सांगितलं की फॉरवर्ड केलाय. गेलेल्या पैशाचं असं झालं की १७ ऑक्टोबरपासूनच्या महिन्यातले २० दिवस वाढीव दरानी गेले, राहिलेल्या १० दिवसांचा फरक पुढच्या बिलात वळता केला. त्या २० दिवसांचे साधारण ६९ रुपये द्यायला नाही म्हणाले, सेवा वापरली आहे म्हणून. मी नोडल ऑफिसरला परत लिहिलं, कारण आमच्या गल्लीत वीसबावीस घरं याच केबलवर आहेत आणि सगळ्यांच्या नावापुढे त्या रकान्यात तेच दोन शब्द असणार.

नंबरांचं काही करता आलं नाही. नियम असा आहे की एखाद्या चॅनलला दिलेला नंबर किमान एक वर्ष बदलायचा नाही, आणि आमचे जुने नंबर त्याहून जुने होते, म्हणजे कंपनी नियमात बसते. एक वर्ष हे कुठल्या हिशोबानी ठरवलं असेल माहीत नाही, पण ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं त्यांच्यासाठी नंबर हीच लिपी असते आणि ती वर्षावर्षाला बदलून चालत नाही, निदान बदलण्याआधी आठ दिवस स्क्रीनवर मोठ्या मराठी अक्षरात पट्टी फिरवायला काय हरकत आहे. हे मी ट्रायला लेखी पाठवलंय, ते नियम बदलताना लोकांची मतं मागवतात तेव्हा पुन्हा पाठवणार आहे.

बॉक्सचं अजून लटकलंय. १२०० ची पावती नाही त्यामुळे तो विकत घेतला की भाड्यानी हे आम्ही दाखवू शकत नाही, आणि हजार रुपये देऊन नवीन घेतला तर उद्या कंपनी बदलली की तो पण फेकायचा, कारण एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. बॉक्स कुठल्याही कंपनीला चालला पाहिजे अशी शिफारस ट्रायनी २०२० मध्येच केलेली आहे, मोबाइलचं सिम बदलतो तसं व्हायला हवं होतं. तोवर आई तो एक चॅनल नुसता ऐकते. स्वयंपाकघरातून तसाही तिला आवाजच यायचा, असं ती म्हणते, पण मला ते ऐकवत नाही.

दादाला मी सांगितलं की बाकीच्या घरांचे नंबर बदलून घे, मी फॉर्म भरायला मदत करते. दोन शनिवार मी साताऱ्यात त्यासाठी गेले. नऊ घरांचे झाले. एका आजींनी विचारलं की बाई माझं पण बिल वाढलंय, मी काय दाबलं असेल गं?

निकालाच्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, सकाळी पावणेआठला बाबांचा फोन आला, टीव्ही लागलाय, चित्र स्वच्छ आहे. नवीन पुठ्ठ्यावर नंबर पेन्सिलनी लिहिलेत. आता १७ तारखेला दादाबरोबर चिठ्ठीऐवजी छापील बिल येतंय का ते बघायचं, नाही आलं तर तिसरी तक्रार, यावेळी डॉकेट नंबर बाबांच्याच फोनवर येईल.